मुरलेले पाणी

पाण्याची पारख आपण पिढ्यान्‌पिढ्या डोळ्यांनी करीत आलो आहोत. विहिरीचा तळ दिसला की पाणी चांगले, हंड्यात आपला चेहरा स्पष्ट उमटला की ते पिण्याजोगे, असा आपला सरळ हिशेब. भाषेनेही तोच हिशेब उचलला आणि ज्याच्या मनात कपट नाही त्याच्या मनाला आपण नितळ म्हणू लागलो. परंतु डोळ्यांना मर्यादा आहेत. पटकी, विषमज्वर आणि कावीळ यांचे जंतू नितळ दिसणाऱ्या पाण्यातूनही येतात, हे आता घरोघरी ठाऊक झाले आहे. २०१२ साली शेजारच्या इचलकरंजीत काविळीची जी मोठी साथ आली, ती पाण्याच्याच वाटेने आली होती. दिसते तेवढेच पाणी नसते, हा धडा आपण पुष्कळ मोल देऊन शिकलो.

हाच धडा आपल्या दिवाणखान्यात ठेवलेली माशांची काचेची टाकीही देत असते. मात्र तो ऐकण्याची आपली तयारी नसते. कोल्हापुरात अशा टाक्या आता पुष्कळ घरांत दिसतात. बहुतेक ठिकाणी एकच कथा घडते. रविवारी संध्याकाळी टाकी येते. वाळू धुऊन घातली जाते, नळाचे पाणी भरले जाते, प्लॅस्टिकची रोपे लावली जातात आणि त्याच रात्री पाच-सहा मासे त्यात सोडले जातात. घरातील सारे जण जेवणाचे ताट हातात घेऊन टाकीसमोर बसतात. पुढच्या रविवारच्या आत एक मासा पाण्यावर उलटा तरंगतो. दुसरा रविवार उजाडेपर्यंत टाकी निम्मी ओस पडते आणि महिनाभरात ती माळ्यावर जाते. पाणी तर आरशासारखे स्वच्छ होते, मग मासे का मेले, हा प्रश्न तिच्याबरोबर माळ्यावर जातो.

कारण दिसत नसले की माणूस गप्प बसत नाही. तो हाताशी असलेले कारण पुढे करतो. कुणी म्हणते, मासेच अशक्त होते. कुणी म्हणते, दृष्ट लागली. आणि पुष्कळदा घरातील सर्वांत लहान माणसाकडे बोट वळते. मला हा विषय लिहावासा वाटला तो या शेवटच्या गोष्टीमुळे.

आमच्या धर्मग्रामात सहावीत शिकणारा एक मुलगा आहे. त्याच्या वाढदिवसाला वडिलांनी हौसेने दोन फुटी टाकी आणि पाच गोल्डफिश आणले. नऊ दिवसांत तीन मासे गेले. त्याआधीच्या वर्षी त्याने पाळलेली लव्हबर्डची जोडी गेली होती आणि त्याने लावलेला गुलाब उन्हाळ्यात वाळला होता. तेव्हा तिसरा मासा गेल्यावर वडील सहज बोलून गेले, "याच्या हाताला गुणच नाही." बोलणारा विसरला, ऐकणारा विसरला नाही. मिस्सा संपल्यावर सारी मुले मैदानाकडे पळाली, तरी तो व्हरांड्यात खांबाला टेकून उभा होता. जवळ गेलो तेव्हा त्याने विचारले, "फादर, माझ्या हातून सगळं मरतं. हे पाप असतं का?"

पापाविषयी मला आयुष्यभर प्रश्न विचारले गेले आहेत; पण इतका जड प्रश्न इतक्या लहान तोंडून क्वचितच आला असेल. मी म्हटले, "पाप कसलं रे? चल, आधी तुझं पाणी बघू." धर्मशास्त्रात अपराध ठरविण्यापूर्वी जाण आणि संमती पाहिली जाते. येथे तर अपराध घडला होता की नाही, हेच आधी पाहावयाचे होते.

त्याच्या घरी मी काही साधे प्रश्न विचारले. टाकीत पाणी कधी भरले? भरल्या दिवशीच. मासे कधी सोडले? त्याच रात्री. खाणे किती वेळा? दिवसातून तीनदा, शिवाय पाहुणे आले की त्यांच्या हातून एकदा. पाणी कधी बदलले? तिसऱ्या दिवशी पाणी दुधासारखे पांढुरके झाले म्हणून सारे फेकून टाकी आणि वाळू घासून पुन्हा भरली. सहाव्या दिवशी पुन्हा तसेच. फिल्टरचा स्पंज? तो तर रोज नळाखाली स्वच्छ धुतला जात होता. पहिला मासा गेल्यावर दुकानदाराने निळे औषध दिले, तेही घातले होते. घरातील प्रत्येक माणूस मनापासून झटला होता. त्या झटण्यातच माशांचा घात होता. परंतु तो समजण्यासाठी टाकीत काय चालते, हे थोडे सविस्तर पाहावे लागते.

मासा जेथे राहतो तेथेच त्याचे मलमूत्र पडते. त्याच्या शरीरातील टाकाऊ नत्र मुख्यतः अमोनियाच्या रूपाने कल्ल्यांवाटे पाण्यात जाते. उरलेले खाणे कुजले की त्यातूनही अमोनियाच निघतो. नदीत तो पाण्याबरोबर पसरतो. पंचावन्न लिटरच्या टाकीत तो साठत राहतो. त्याला रंग नाही आणि अल्प प्रमाणात वासही येत नाही. पाणी नितळ राहते आणि मासा मात्र कल्ले जळाल्यासारखा वर येऊन हवा गिळू लागतो.

निसर्गाने यावर उपाय ठेवला आहे. काही जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, आणखी काही त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्राइटही विषारीच, ते रक्तात शिरून त्याची प्राणवायू वाहण्याची शक्ती हिरावते आणि रक्त तपकिरी पडते. नायट्रेट मात्र बरेच सौम्य असते; ते पाणवनस्पती खतासारखे वापरतात आणि राहिलेले आपण पाणी बदलून काढू शकतो. या साखळीला नायट्रीकरण म्हणतात. हे जिवाणू पाण्यात तरंगत फारसे राहत नाहीत; ते वाळूच्या कणांवर, काचेवर आणि सर्वांत अधिक फिल्टरच्या स्पंजवर पातळ थर धरून वस्ती करतात. नव्या टाकीत ही वस्तीच नसते. जुन्या आणि नव्या टाकीतील खरा फरक हा, आणि तो डोळ्यांना दिसत नाही.

या वस्तीला वेळ लागतो, हे सर्वांत महत्त्वाचे. सांडलेल्या अन्नावर जगणारे साधे जिवाणू अनुकूल स्थितीत अर्ध्या तासात दुप्पट होऊ शकतात. नव्या टाकीतील पांढुरका ढग तो त्यांचाच. नायट्रीकरण करणाऱ्या जिवाणूंना दुप्पट होण्यास कित्येक तास, अनेकदा एक दिवस वा त्याहून अधिक काळ लागतो. म्हणून सामान्यतः चार ते सहा आठवड्यांशिवाय टाकी तयार होत नाही. आणि त्या मुलाच्या घरी काय झाले? वाळू घासली, तेव्हा जी थोडी वस्ती रुजली होती ती गेली. स्पंज रोज नळाखाली धरला, तेव्हा नळाच्या पाण्यातील क्लोरीनने ती गेली. निळे औषध बुरशीवर उपयोगी असते, पण ते या जिवाणूंनाही मारक ठरू शकते. प्रत्येक वेळी टाकी पुन्हा पहिल्या दिवसावर येत होती आणि मासे मात्र नवव्या दिवसाचे विष सोसत होते.

सेमिनरीत असताना आवारातील कमळाच्या टाक्याची देखभाल दोन वर्षे माझ्याकडे होती. त्यात तळाशी चिखल होता, भिंतींना शेवाळ होते, गोगलगायी होत्या. त्याचे पाणी कधीही पूर्ण उपसले जात नसे आणि तरीही मासे धष्टपुष्ट होते. तेथील वृद्ध माळी म्हणत, "लोणच्यासारखं पाणीसुद्धा मुरावं लागतं, ब्रदर." 'कुठेतरी पाणी मुरते आहे' असे आपण संशयाने म्हणतो, त्या माळ्याच्या तोंडी मात्र तो शब्द भरवशाचा होता. पुढे याविषयी वाचीत गेलो, तेव्हा कळले की त्यांच्या त्या एका शब्दात जे होते ते उलगडण्यास विद्वानांना दीड शतकाहून अधिक काळ लागला.

ती हकीकत मोठी उद्बोधक आहे. लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते. १८४९-५० च्या सुमारास त्यांनी काचेच्या भांड्यात दोन गोल्डफिश आणि व्हॅलिसनेरिया ही पाणवनस्पती एकत्र ठेवली. वनस्पतीने प्राणवायू द्यावा आणि माशाने तिला खत द्यावे, अशी त्यांची कल्पना. परंतु पाने कुजू लागली आणि पाणी गढूळ झाले. मग त्यांनी कुजकी पाने खाणाऱ्या गोगलगायी त्यात सोडल्या आणि तोल साधला. म्हणजे या छंदाच्या आद्य पुरुषालाही प्रारंभी पाण्याचा त्रास चुकला नाही! १८५४ साली फिलिप गॉस यांनी 'द अ‍ॅक्वेरियम' हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि घरात मासे पाळण्याचे वेड इंग्लंडभर पसरले. तरी पाण्यात नेमके काय घडते, हे कुणालाच ठाऊक नव्हते. ते शोधण्याच्या कामी वॉरिंग्टन यांचा मुलगा आला. त्याचेही नाव रॉबर्ट. रोथॅमस्टेड येथील शेती संशोधन केंद्रात मातीचा अभ्यास करताना त्याने दाखविले की अमोनियाचे नायट्रेट एका दमात होत नाही; ते काम दोन टप्प्यांत होते. १८९० च्या सुमारास रशियन शास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राड्‌स्की यांनी हे जिवाणू वेगळे करून दाखविले. बापाने टाकी मांडली आणि तिचे मर्म मुलाने शेताच्या मातीत शोधले, असा हा योग.

गोष्ट तेथेही संपली नाही. १९९८ साली असे दिसून आले की गोड्या पाण्याच्या टाक्यांत नायट्राइटचे काम करणारे जिवाणू पुस्तकांत शंभर वर्षे लिहिले जात होते ते नव्हेतच; ते नायट्रोस्पायरा नावाच्या वेगळ्याच कुळातील आहेत. २०१५ साली तर त्याच कुळातील काही जिवाणू दोन्ही टप्पे एकट्याने पार पाडतात, हे सिद्ध झाले. आणि त्यांतील एक शोध मत्स्यपालनाच्या पाणी-गाळणीतील जिवाणूंवरूनच लागला. ज्या कोड्याने इतक्या विद्वानांना इतकी वर्षे गुंतवून ठेवले, ते न उलगडल्याचा ठपका अकरा वर्षांच्या मुलाच्या तळहातावर ठेवणे कितपत न्यायाचे? हे सारे मी त्याच्या वडिलांना सांगितले. ते बराच वेळ टाकीकडे पाहत राहिले. मग मुलाकडे वळून म्हणाले, "आता काय करायचं ते तू फादरांना विचार आणि वहीत लिहून घे."

काय करावयाचे, ते वाचकांच्याही उपयोगी पडेल म्हणून क्रमाने सांगतो.

प्रथम मोजणे. अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि पीएच मोजण्याचे थेंबांचे संच मिळतात. परीक्षानळीत पाणी घेऊन थेंब टाकले की रंग येतो आणि तो तक्त्याशी जुळवावयाचा. त्या टाकीत अमोनिया लिटरला चार मिलिग्रॅम निघाला, नायट्राइट शून्य. म्हणजे साखळीची पहिली कडीसुद्धा जुळलेली नव्हती. पीएच ७.८ होता, आणि हा आकडाही महत्त्वाचा. अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो आणि त्यांतील एकच रूप तीव्र विषारी असते. २५ अंश तापमानाला पीएच ७ असेल तर त्या विषारी रूपाचा वाटा सुमारे अर्धा टक्का असतो. पीएच ८ झाला की तो पाच टक्क्यांच्या वर जातो. तेवढाच अमोनिया एका घरी सोसवतो आणि दुसऱ्या घरी मारतो, तो यामुळे.

दुसरे, पाणी बदलणे. मात्र सारे नव्हे. त्या दिवशी निम्मे आणि दुसऱ्या दिवशी निम्मे बदलल्यावर अमोनिया चारावरून एकाच्या आसपास आला. वाळू हलविली नाही, काच घासली नाही. नवे पाणी टाकीतल्या पाण्याच्याच तापमानाचे असावे आणि क्लोरीनमुक्त असावे. आपल्या मानकांप्रमाणे नळाच्या पाण्यात लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन राहावे लागते. आपल्या आरोग्यासाठी ते आवश्यक, माशाच्या कल्ल्यांना मात्र घातक. बादलीत पाणी भरून हवेचा पंप लावून दिवसभर ठेवले की साधे क्लोरीन उडून जाते. घाई असेल तर दुकानात 'अँटी-क्लोरीन' म्हणून मिळते ते वापरावे. ते म्हणजे बहुधा सोडियम थायोसल्फेट; पूर्वी फोटो धुणारे ज्याला हायपो म्हणत, तेच. पावसाळ्यात नदी गढूळ झाली की पाणी शुद्ध करताना क्लोरीनची मात्रा वाढवावी लागते, तेव्हा विशेष काळजी घ्यावी.

तिसरे, खाणे आवरणे. दोन दिवस काहीच घातले नाही. आजींना ते क्रौर्य वाटले. नंतर दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल इतकीच चिमूट. निरोगी मासा काही दिवसांचा उपवास सहज सोसतो. न खाल्लेल्या दाण्याचे विष तो सोसत नाही.

चौथे, वस्ती वसविणे. आमच्या एका शिक्षिकेकडे चार वर्षे निरोगी चाललेली टाकी आहे. त्यांच्या फिल्टरमधील स्पंजचा काळपट तुकडा ओलाच आणून नव्या फिल्टरशेजारी ठेवला. आजींनी तो पाहून नाक मुरडले. पण दह्याला विरजण लागते तसे हे विरजण, असे सांगताच त्यांना ते लगेच पटले. आपला स्पंज तुंबला, तर तो टाकीतून काढलेल्याच पाण्यात हलका पिळून घ्यावा, नळाखाली कधीही नव्हे. या जिवाणूंना प्राणवायू लागतो. म्हणून फिल्टर रात्रंदिवस चालू ठेवावा, आणि वीज बराच वेळ जात असेल तर बॅटरीवरचा छोटा पंप घरी असावा.

वहीतील नोंदी मुलाने नेमाने ठेवल्या. पहिल्या आठवड्याच्या अखेरीस नायट्राइट प्रथम दिसले. घरच्यांना ते नवे संकट वाटले. वास्तविक ती पहिली कडी जुळल्याची खूण होती. ते वाढू लागले तेव्हा लिटरला एक ग्रॅम या हिशेबाने साधे खडेमीठ पाण्यात विरघळवून थोडे थोडे घातले, कारण मिठातील क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांवाटे रक्तात शिरण्यास अडथळा करते. तिसऱ्या आठवड्यात अमोनिया शून्यावर आला. पाचव्या आठवड्यात नायट्राइटही शून्यावर आले आणि नायट्रेट वीसच्या घरात स्थिरावले. दोन्ही मासे वाचले. आता आठवड्यातून एकदा पाव टाकी पाणी बदलले जाते. गोल्डफिश फार घाण करणारा आणि पुष्कळ वाढणारा मासा आहे. पुढेमागे त्यांना मोठी टाकी लागेल, हेही वहीत लिहिले आहे.

आणखी काही अडचणी नव्या टाकीत येतात. पाणी पांढुरके झाले, तर खाणे कमी करून थांबावे. तो ढग काही दिवसांत आपोआप विरतो. पाणी हिरवे झाले, तर खिडकीचे ऊन आणि दिव्याचे तास कमी करावेत. काचेवर तपकिरी पूड धरली, तर ती पुसून काढावी. टाकी जुनी होत जाईल तशी ती बहुधा ओसरते. लाकडाच्या ओंडक्याने पाण्याला चहाचा रंग आला, तर भिण्याचे कारण नाही. कुजका वास आला, तर मात्र मेलेला मासा, गोगलगाय किंवा वाळूत गाडलेले खाणे शोधावे. मासे पाण्यावर येऊन हवा गिळत असतील, तर अमोनिया आणि नायट्राइट मोजावे आणि हवेचा पंप वाढवावा. उन्हाळ्यात ही पाळी अधिक येते, कारण समुद्रसपाटीला २० अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३० अंशांला साडेसातच. काही जण प्रेमापोटी शुद्धिकरण यंत्रातील, म्हणजे आरओचे पाणी टाकीत भरतात. त्यात आम्लता थोपवून धरणारे क्षार जवळजवळ उरलेले नसतात. नायट्रीकरणाने आम्ल तयार होते, ते थोपवायला काही नसल्याने पीएच एकाएकी कोसळतो आणि जिवाणूंचे काम मंदावते. बोअरच्या पाण्याचे उलट. आपल्या काळ्या दगडातील पाणी बहुधा जड आणि क्षारयुक्त असते, त्यात पीएच चढा राहतो आणि थोडा अमोनियाही भारी पडतो. कोणतेही पाणी वापरा. आधी मोजा आणि एकदम बदलू नका.

ज्यांनी अजून मासे आणलेले नाहीत, त्यांच्यासाठी तर याहून सोपा मार्ग आहे. टाकी भरावी, फिल्टर चालू करावा आणि माशांशिवायच रोज चिमूटभर खाणे पाण्यात टाकीत राहावे. ते कुजते, अमोनिया होतो, जिवाणूंना अन्न मिळते आणि कुणाचाही जीव पणाला न लावता पाणी मुरते. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येऊन टिकले, की प्रथम दोन-तीन लहान मासे आणावेत. महिनाभर रिकाम्या टाकीकडे पाहत बसणे मुलांना जड जाते, हे खरे. परंतु रिकाम्या दिसणाऱ्या टाकीतच सर्वांत मोठे काम चाललेले असते, हे त्यांना वहीतील आकड्यांवरून स्वतः पाहता येते. तो अनुभव माशांइतकाच मोलाचा आहे.

टाकीच्या पाण्याचा विचार करताना ते नळात कोठून आले, याकडे मन आपोआप जाते. २०२३ च्या दिवाळीत काळम्मावाडी धरणाचे पाणी थेट पाइपलाइनने शहरात पोहोचले. त्यापूर्वी पिढ्यान्‌पिढ्या शहराची तहान मुख्यतः पंचगंगेच्याच खोऱ्याने भागविली. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांचे पाणी प्रयाग चिखलीजवळ एकत्र येते, तेव्हा ते वनांतून आणि शेतांतून आलेले असते. शहर ओलांडताना त्यात सांडपाणी मिसळते, आणि सांडपाण्यात तोच अमोनिया असतो. एक ग्रॅम अमोनियारूपी नत्राचे नायट्रेट होताना सुमारे साडेचार ग्रॅम प्राणवायू खर्च होतो. तो प्राणवायू नदी माशांच्या वाट्यातून देते. खाली शिरोळ तालुक्यात तेरवाड बंधाऱ्याजवळ मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या आपण उन्हाळ्यामागून उन्हाळे वाचल्या आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत पंचगंगा होती. रंकाळ्याचे पाणीही गेल्या काही दशकांत अनेकदा हिरवेगार झालेले कोल्हापूरकरांनी पाहिले. खिडकीतल्या टाकीत जे घडते, तेच तेथे विस्ताराने घडले. खत अधिक, ऊन अधिक आणि शेवाळाला मोकळे रान.

कसबा बावड्यातील ७६ दशलक्ष लिटर क्षमतेचे सांडपाणी शुद्धिकरण केंद्र, हे एका अर्थी शहराचे स्पंज फिल्टरच आहे. जिवाणूंचा गाळ राखून त्याला हवा देण्याची ही रीत मँचेस्टरमध्ये १९१४ साली प्रथम मांडली गेली, आणि आजही अशा केंद्रांत मुख्य कामकरी हेच न दिसणारे जीव आहेत. मात्र जे सांडपाणी तेथवर पोहोचतच नाही, त्याला ते काही करू शकत नाहीत. नदीत मासे मेले की दर वेळी एक जण दुसऱ्याकडे बोट दाखवितो. गाव कारखान्याकडे, कारखाना शहराकडे, शहर गावाकडे. तेथेही मोजणे आधी यावे आणि बोट नंतर. कोणत्या नाल्यातून किती अमोनिया येतो, पाण्यात प्राणवायू किती उरला, हे रोज मोजले आणि फळ्यावर लिहिले, तर भांडणाचे निम्मे कारण संपेल आणि कामाची दिशा सापडेल. टाकीचे निम्मे पाणी बादलीने बदलता येते. नदीचे तसे बदलता येत नाही, म्हणून तेथे हे काम अधिक तातडीचे आहे.

या सुटीत ज्यांच्या घरी माशांची टाकी येणार असेल, त्यांना माझे एवढेच सांगणे आहे. माशांच्या आधी तपासणीचा संच आणि एक कोरी वही आणा. पाण्याला त्याचा महिना द्या. आणि काही बिघडलेच, तर कुणाच्या हाताला गुण नाही असे म्हणण्यापूर्वी परीक्षानळीत पाणी घ्या, थेंब टाका आणि रंग येईपर्यंत पाच मिनिटे थांबा.